सासूबाईंच्या महिन्याचं फूल

चांगचौ,
बाराव्या महिन्याची वीस तारीख

प्रिय युएचिनताईस,

हुइलानचा नमस्कार. इतके दिवस पत्र नाही म्हणून रागावली असशील. रागाव, तुझा हक्कच आहे. (आधी ‘कामात होते’ असं लिहिलं आणि खोडलं. कामात नव्हते, घाबरलेली होते.) गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला?

सासूबाईंचा जन्म बाराव्या महिन्यातला, म्हणून त्या महिन्याचं नर्गिस हे त्यांचं फूल, हे तुला ठाऊकच आहे. नव्या वर्षाच्या सकाळी ते उमललं की पाण्यावरची देवी घरात आली म्हणायचं. यंदा त्यांनी जाहीर केलं, “उमललं तर हृदयाचं ऑपरेशन करून घेते. नाही उमललं तर देवीचीच ना आहे.” डॉक्टर म्हणतात, आता उशीर नको. आणि त्यांचे हात थरथरतात म्हणून फूल नीट यावं म्हणून नर्गिसचा कंद कोरायची सुरी यंदा माझ्या हातात! समोरचे पापुद्रे सोलत कळीपर्यंत जायचं, पण कळीला धार लागता कामा नये. मग कंद भिजवून चिकट रस धुवायचा, कापल्या जागी ओला कापूस ठेवायचा, उथळ वाडग्यात गोट्यांवर बसवायचा, दिवसा ऊन द्यायचं, रात्री पाणी ओतून टाकायचं. सगळं केलं. फक्त शेवटच्या पापुद्र्याशी सुरी किंचित सटकली. (सटकली, की मला नुसतं तसं वाटलं?) तेव्हापासून मी चष्मा लावून कळीकडे बघते आणि कळी माझ्याकडे. गारठेल म्हणून शेगडीजवळ ठेवला, तर पानंच भसाभसा वाढली. सासूबाई म्हणाल्या, “काय गं, लसूण लावलास का? चला, माशाला फोडणी तरी होईल!” (विषारी असतं, असं मी घाबरून तीनदा सांगितलं. “मला शिकव आता,” म्हणाल्या.) मग बाहेर मागच्या दारी ठेवला, तर कळी ढिम्म, म्हणून रोज कोमट पाणी घालते. आमचे हे म्हणतात, “बाजारातून उमललेला आण, आईला काय कळतंय?” मी नाही म्हटलं. पण किती वेळाने म्हटलं, ते मला खुपतंय.

तुझी,
हुइलान

ता. क. खरं तर पत्र एवढ्यासाठीच: तुझ्या खिडकीत कळी धरलेला कंद असेल, तर भाऊजींबरोबर गुपचूप पाठव.

आणखी ता. क. पाठवू नकोस. पत्र ठेवून मागच्या दारी गेले, तर सासूबाई बाजारातून आलेल्या कोळंबीवरचा बर्फ कंदाभोवती रचत होत्या. गारठ्यात कळी झोपून राहते, हे त्यांना माझ्यापेक्षा जास्त कळतं. मी बघतच राहिले. वर त्याच ओरडल्या, “बघतेस काय? तू कोमट पाणी ओततेस, मला दुप्पट बर्फ लागतो!” मग पायरीवर बसल्या. “हुइलान, छाती उघडतात म्हणे. पुन्हा नीट मिटतात का गं?” मला ठाऊक नव्हतं, आणि उगाच ‘हो’ म्हणायची छाती झाली नाही. शेजारी बसले.

उद्या: सासूबाईंना डॉक्टरांकडे न्यायचं, आणि हाच प्रश्न डॉक्टरांपुढे त्यांचा त्यांनाच विचारू द्यायचा.