स्वयंपाकघरामागची वाट

११ ऑक्टोबर

परसातून माणूस गेलं! मी दूध तापत ठेवलं होतं आणि खिडकीच्या गजांपलीकडून, अगदी हातभर अंतरावरून, डोक्यावर घमेलं घेतलेला एक गडी म्हणाला, "आलात का राहायला? बरं झालं." आणि गेला पुढं. ओळख ना पाळख. त्याच्यामागून दप्तरं पाठीला लावलेल्या पोरी. मग पिशव्या घेतलेली एक बाई. तिनं तर वाकून ओट्यावर काय शिजतंय तेही बघून घेतलं.

हे दाढी करत होते. तसेच फेसासकट बाहेर. "घर घेतलंय की धर्मशाळा?"

खोकी अजून उघडायची आहेत.

१४ ऑक्टोबर

वाट जुनीच आहे म्हणे. खालच्या वस्तीतून शाळेकडं, बसथांब्याकडं चढून यायचं ते आमच्या परसातून. नाहीतर हमरस्त्यानं भलामोठा वळसा. आधीच्या मालकांनी कधी अडवलं नाही. घमेलंवाला गवंडी आहे, वस्तीतलं पहिलं घर त्याचं. तोच सांगत होता. माझं बोलणं ऐकून हसला — "तुमच्या राज्यात सगळे असंच गाणं म्हटल्यासारखं बोलतात का?"

मलाही हसू आलं. ह्यांना नाही.

१९ ऑक्टोबर

बाबांची मात्र चंगळ! तिकडं सासरे चौथ्या मजल्यावर कबुतरांशी बोलायचे. इथं मागच्या पायरीवर खुर्ची टाकून बसतात आणि जाणाऱ्या-येणाऱ्याला जकातनाक्यासारखं अडवतात. गवंड्याच्या बापाशी तर पत्त्यांचा डावच जमलाय. दोघांना एकमेकांचं निम्मं बोलणं कळत नाही. मी म्हटलं तसं, तर बाबा म्हणाले, "लबाडी करायला भाषा कशाला लागते?"

२ नोव्हेंबर

चष्म्याच्या दुकानात लागले. काचा दाखवायच्या, फ्रेम नाकावर बसवून द्यायची. मालक भले आहेत. गिऱ्हाईकांचा पहिला प्रश्न ठरलेला — "कुठल्या तुम्ही?" दुसरा — "का आलात?"

का आलो! तिकडं असताना हेच तर म्हणायचे, "इथं शेजारी मेला तरी वास सुटेपर्यंत पत्ता लागत नाही. चला, माणसांत जाऊन राहू." फरशीच्या कारखान्यात जागा मिळाली म्हणून केवढे खूश होते. आता माणसांत आलो, तर माणसं फार जवळ येतात म्हणून चिडचिड.

मलाही जड जातं, खोटं कशाला लिहू? केस पुसत उभं राहायचीही सोय नाही.

८ नोव्हेंबर

शिडी गेली! दुपारभर शोधली. संध्याकाळी गवंडी खांद्यावर घेऊन हजर, सोबत पिशवीभर लिंबं. "साहेब झोपले होते, म्हटलं कशाला उठवा."

हे म्हणाले, "न विचारता नेणं, ह्याला आमच्याकडं चोरी म्हणतात."

तो शिडी भिंतीला लावत होता. सावकाश लावली. म्हणाला, "आमच्याकडं शेजार म्हणतात."

लिंबं ओट्यावर पडून आहेत. हात लावावासा वाटत नाही.

१६ नोव्हेंबर

ह्यांनी तारेचं कुंपण घातलं. खांब रोवायला गावातलं कुणी येईना, माणसं बाहेरून आणली.

गवंडी आला होता. वर आला नाही, खालीच उभा राहिला. "तार घाला साहेब. फक्त एक माणूस जाईल एवढी फट ठेवा. रस्त्यानं ट्रक येतात. पोरं असतात."

"जागा माझी आहे."

"तुमचीच आहे. कोण नाही म्हणतंय?"

मी चहा घेऊन उभी. त्यानं कपाला हात लावला नाही. "असू दे ताई," एवढंच. मी काही बोलायला हवं होतं का? काय बोलणार होते?

बाबा खुर्ची घेऊन आत आले.

२८ नोव्हेंबर

कुणी भांडायला आलं नाही. भांडले असते तर बरं! दूधवाला म्हणाला, "आता पुरत नाही वहिनी." मोरीचा नळ गळतोय, नळवाला रोज "उद्या येतो." हे सांगतात, कारखान्यात कामापुरतं बोलतात, जेवायच्या सुट्टीत बाकावरून उठून जातात. दुकानात दोन बायकांनी मी दिसताच विचारलं, "मालक कधी असतात?"

शाळेत लेक डबा एकटीच खाते. "आई, मी आता त्यांच्यासारखंच बोलायला लागलेय ग. तरी नाही."

५ डिसेंबर

काही नाही.

१२ डिसेंबर

बाबा रोज खाली वस्तीत पत्ते खेळायला जातात! हमरस्त्यानं, काठी टेकत. मला वाटायचं कोपऱ्यावर पेपर वाचायला बसतात. आज ह्यांना कळलं. केवढा तमाशा! "त्यांच्यात जाऊन बसता? ते आपल्याला वाळीत टाकतात आणि तुम्ही —"

"तुला टाकलंय," बाबा म्हणाले. "मला चहा देतात."

"तो रस्ता तुमच्या वयाला आहे का?"

"वाट होती की घरातनंच."

ह्यांनी ताट सरकवलं. मी ताटं उचलली. ह्या घरात हल्ली सगळं मीच उचलते.

२० डिसेंबर

मी ह्यांना म्हटलं, "बाबांपुरती तरी फट ठेवा. कुलूप लावा हवं तर." खिडकीपाशी उभे होते. म्हणाले, "आता उघडलं तर हसतील." मग, "मी वाईट आहे का ग?"

मी चपात्या लाटत राहिले. नाही म्हणवलं नाही.

९ जानेवारी

बाबा पडले. ट्रक अंगावर आला म्हणून कडेला सरले आणि थेट चरात. खुब्याचं हाड गेलं. गवंडी कामावर निघाला होता, त्यानंच उचलून टेम्पोत घातलं, दवाखान्यात नेलं, आणि मग दुकानात निरोप धाडला. मी पोचले तर बाकावर बसलेला, शर्टाला चिखल आणि रक्त. "शुद्धीत आहेत ताई. शिव्या देताहेत, म्हणजे ठीक आहेत."

हे आले. त्याच्यासमोर उभे राहिले. तो उठला आणि ह्यांच्या बाजूनं वाट काढून निघून गेला. रागानंसुद्धा बघितलं नाही.

१८ जानेवारी

ताप उतरत नाही. छातीत कफ. बाबा विचारतात, "डाव कुणाचा?"

हे उशाशी बसून असतात. पाय चेपतात. बाप-लेक बोलत नाहीत.

२५ जानेवारी

बाबा गेले. पहाटे.

२६ जानेवारी

काल पुढं लिहवलं नाही.

घरी आणलं तेव्हा हे म्हणत होते, खांद्याला माणसं कुठून आणू? तिकडचे नातलग दोन दिवसांशिवाय पोचत नाहीत. कारखान्यातल्या कुणाचा तरी नंबर काढायचे आणि फोन खाली ठेवायचे. मी म्हटलं, मी देते खांदा, लेक देईल.

आणि फाटक वाजलं. गवंडी. त्याच्यामागं नळवाला, दूधवाला, कारखान्यातले चौघे, अख्खी वस्ती. हमरस्त्यानं चालत, सगळा वळसा घालून आले. बांधाबांध केली, उचललं, नेलं, कसली उणीव राहू दिली नाही. गवंड्याचा बाप पायरीवर बसून लहान मुलासारखा रडला. बायकांनी माझी चूल पेटू दिली नाही, लेकीला जेवू घातलं.

पण आमच्याशी कुणी बोललं नाही! एक शब्द नाही. भांडी घासून ठेवली आणि गेल्या. मी दारात म्हटलं, "फार केलंत." पिशव्यावाली बाई चप्पल घालता घालता म्हणाली, "आजोबांसाठी केलं."

५ फेब्रुवारी

ह्यांनी तार कापली. स्वतः, हातमोजे न घालता. तळवे सोलून निघाले. मधले दोन खांबही उपटले. मग पायरीवर बसून राहिले, दिवे लागेपर्यंत.

कुणी आलं नाही.

११ फेब्रुवारी

आज दुकानातून येताना पाहिलं. वस्तीनं दुसरी वाट पाडलीय, पाण्याच्या टाकीच्या अंगानं. चढ अवघड आहे. दगड लावून पायऱ्या केल्यात, मधे धरायला दोरही. पोरी टणाटण उड्या मारत चढत होत्या. आमची कुणाला गरजच उरलेली नाही.

ह्यांना सांगितलं नाही. पण त्यांना माहीत असावं.

१९ फेब्रुवारी

परत जायचं ठरलं. ह्यांच्या जुन्या साहेबांनी बोलावलंय. दोन खोल्या बघितल्यात, सहाव्या मजल्यावर. लेक म्हणाली, "तिथं तरी माझ्याशी बोलतील का? मी आता इथल्यासारखं बोलते." काय सांगू हिला? ना घर का ना घाट का, अशी गत करून ठेवली पोरीची.

घर विकायची पाटी लावली. रात्री हे झोपत नाहीत, आढ्याकडं बघत पडतात. मीही.

३ मार्च

भांडी बांधून झाली. बाबांची काठी कुठं ठेवायची ते कळेना.

४ मार्च

हे रात्री जेवायच्या वेळेला घरात नव्हते. कारखान्यात फोन केला, तिथं नाहीत. हाका मारल्या. बऱ्याच उशिरानं आले, विजारीला माती.

"कुठं होतात?"

"खाली. गवंड्याच्या अंगणात."

मी चिकटपट्टी खाली ठेवली. "काय म्हणाले?"

"काही नाही. त्यांचं जेवण चाललं होतं. मी बसलो." हात धुतले, पुसले, परत धुतले. "ऊठ असंही कुणी म्हणालं नाही."

मग म्हणाले, "उद्या पण जाईन म्हणतो."