दूध खातं, पेंड खातं आणि माझा कर्नल

४ मार्च १९९८
राहात्याच्या आमच्या दूध संस्थेत कॉम्प्युटर एक, खाती दोन. दुधाच्या गोजरबाई आणि पेंडीचा बन्सी दिवसभर त्याच्यासमोर भांडतात. चेअरमन काकासाहेब म्हणाले, हे भांडण मिटव, पाडव्याला तुला कायम करतो. उपाय उघड आहे. एकमेकांचे आकडे दिसतात म्हणून भांडतात. कॉम्प्युटर चालवणाऱ्या लिनक्सचा कर्नलच बदलणार.

५ मार्च
बायकोला, शुभांगीला, समजावलं. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला मुकादम. मी प्रत्येक खात्याला आत कुलूपबंद खोली देणार, खोलीला स्वतःचा कन्सोल, म्हणजे पडदा. तो बाहेरून बघायला एक दार, आणि ते कुणाला उघडायचं हे मुकादम ठरवणार. जगात कुणी केलेलं नाही. तिनं विचारलं, खुर्च्या किती आहेत?
घरी तांत्रिक विषय काढायचा नाही.

११ मार्च
दाराला नाव काय द्यावं यात आठवडा गेला. नाव ठरलं की कोड दोन दिवसांचं काम.

१५ मार्च
लाइट नाही.

१९ मार्च
महत्त्वाचा निर्णय. बाहेरून बघायला दारच ठेवायचं नाही. सुरक्षितता! दार उघडलं की मशीन बंद पडतं, हे कारण नव्हे.

२४ मार्च
चालू झालं! एफ-टूचं बटण दाबलं की दूध, एफ-थ्रीचं दाबलं की पेंड. दोघंही गप्प. शुभांगीनं अकोल्याला माहेरी फोन करून टाकला, हे कायम झाले म्हणून. मी अडवलं नाही.

२६ मार्च, संध्याकाळी
मीटिंग. काकासाहेबांनी सगळ्यांसमोर एका सभासदाचं दुधाचं बिल काढायला सांगितलं. दुधाच्या बिलातून पेंडीचे पैसे कापतात म्हणे. मला कुणी बोललं नव्हतं. दुधाच्या खोलीतून पेंड दिसेना, बाहेरून बघावं तर दार नाही. बन्सी म्हणाला, "मी आकडे वरडून सांगू का?" काकासाहेब म्हणाले, एवढं एकमेकांवाचून अडतं तर भांडता कशाला? गोजरबाई म्हणाल्या, "आकड्यांवरून कोन भांडतंय? पंख्याखाली खुर्ची एकच हाय. ह्यो बन्सी उठतच न्हाई."
सगळे हसले. मीही हसलो. फार थकलोय.

२८ मार्च, पाडवा
संस्थेनं एक पंखा आणि एक खुर्ची मंजूर केली. कॉम्प्युटर पहिल्यासारखा करून दे म्हणाले. माझ्या ऑर्डरचं पुढच्या वर्षी बघू.
शुभांगीला सांगितलं, काम तांत्रिकदृष्ट्या यशस्वी आहे, पुढच्या आवृत्तीत दार ठेवतो. तिनं श्रीखंड वाढलं. म्हणाली, "अकोल्याला काय सांगायचं ते तुमीच सांगा." मग जरा वेळानं म्हणाली, पंखा बसवायला तरी बोलावलंय का तुम्हाला?
बोलावलंय. उद्या नऊला, स्टूल धरायला.