निलमच्या कॉम्प्युटरचा पासवर्ड

५ ऑगस्ट २००७, रविवार, सकाळी ९
निलमच्या पुण्यातल्या कॉम्प्युटरला कनेक्ट होत नाही. पोरीला नोकरीवर धाडताना त्यात रिमोटचं सॉफ्टवेअर मीच टाकून दिलं होतं. तिला काही तकलीफ आली तर सेनगावात बसून दुरुस्त करता यावी म्हणून. रोज सकाळी एकदा उघडून बघतो. बाप म्हणून तेवढं चालतं. पासवर्ड सेव्ह केलेला आहे, तरी 'पासवर्ड चुकीचा' येऊन राहिलं. लोडशेडिंगनं करप्ट झाला असणार. दहा मिनिटांचं काम.

६ ऑगस्ट
सेव्ह केलेला काढला. पुन्हा टाइप केला, 'सेव्ह'वर टिक केली. तेच. कॅप्स लॉक बघितला. कीबोर्ड उलटा करून झटकला. एक मुंगळा निघाला.
संकल्प: कॉम्प्युटर क्लास चालवणारा माणूस आहे मी. दुसऱ्याला विचारायचं नाही.

७ ऑगस्ट
बायको रुक्माबाई म्हणाली, पोरीलाच काहून विचारत न्हाई. म्हटलं, आपली लेक कामात असते. गेल्या आठवड्यात तीन फोन केले, उचलले नाहीत. पुण्यात नेटवर्कचा त्रास फार.

९ ऑगस्ट, दुपार
सॉफ्टवेअर काढून पुन्हा टाकलं. मग विंडोजसुद्धा. त्यात क्लासच्या पोरांच्या सगळ्या फाइली गेल्या. शिकताना असं व्हायचंच.

११ ऑगस्ट
हिंगोलीचा वैजनाथ इंजिनिअर आला होता. विचारलं नाही, फक्त दाखवलं. पाच मिनिटं बघून म्हणाला, सर, तुमचं सगळं बराबर आहे, तिकडून कोणीतरी पासवर्ड बदललाय. निलमच्या मशीनला हात लावणार कोण? हल्लीच्या इंजिनिअरांचं बेसिक कच्चं.

१२ ऑगस्ट
एक तांत्रिक नोंद. जुलैत तिच्या मेलमध्ये बंगलोरच्या नोकरीचं पत्र दिसलं. येणार की नाही, एवढंच कळवायचं होतं. मी तिच्या नावानं 'येत नाही' लिहून पाठवलं. आमच्या तांड्यावरून बंगलोरला कोण गेलंय? पत्र डिलीट केलं. पाठवलेला मेल डिलीट करायचा राहिला, पण तिथं कोण बघतं! पासवर्डचा याच्याशी काही संबंध नाही.

१४ ऑगस्ट
आज कळलं. रुक्माबाई दर रविवारी शेजारच्या जनकाबाईकडे जाते, ती निलमचा फोन घ्यायला. मी समजत होतो, भजनाला. घरात फोन असताना काहून, असं विचारलं. म्हणाली, तुमी उचलता म्हणून.

१९ ऑगस्ट, रविवार
आज रुक्माबाईबरोबर गेलो. रिसीव्हर मीच घेतला. म्हटलं, निलम, पासवर्ड सेव्ह होऊन न्हाई राहिला.
ती म्हणाली, "बापू, मी बदलला."
"मग नवा सांग. टाकून बघतो."
"न्हाई सांगणार. तुमी पाठवलेला मेल वाचला मी. त्यांनी ती जागा दुसरीला दिली."
पुणं काय वाईट आहे, असं मी म्हणालो.
"आईकडे द्या," म्हणाली.
दिला. रुक्माबाई अर्धा तास बोलली. एकदा हसलीसुद्धा. मी बाहेर ओट्यावर बसून होतो.
येताना तिला विचारलं, माझं काही विचारलं का पोरीनं?
रुक्माबाई चालत राहिली.