अजून एक वर्ष रेषेवर

सर, तीन वर्षं तुम्ही मला रेषेवरच बसवलंत, त्याचा राग अजून गेलेला नाही. माझ्यामागून आलेल्या दोघांना तुम्ही जिल्ह्याच्या कबड्डी सामन्यांना पंच म्हणून पाठवलंत आणि मी आपली मैदानाच्या कडेला, कुणाचा पाय बाहेर गेला की हात वर करायला. कारण विचारलं की तुम्ही बशीत चहा ओतायचात, बास. सातवीत शाळा सुटलेली बाई म्हणून मागं ठेवलं, असंच मला वाटायचं. पण मग नियमांचं पुस्तक मला वाचून कोण दाखवत होतं? काकूंच्या परातीत पिठाच्या रेघा ओढून तुम्ही हरभऱ्याचे खेळाडू मांडायचात. "हा बाद का तो? लवकर बोल." काकू म्हणायच्या, "अहो, हरभरा भिजवायचाय मला, सोडा तिला." त्या परातीमुळं मी पंचांची परीक्षा पास झाले. तेवढं मान्य.

आता राज्याच्या सामन्यांना कुठला नवा पंच पाठवायचा ते मी ठरवते. हसू नका. एक पोरगी आहे, देवळाली प्रवराची, पंच म्हणून दुसरंच वर्ष. परवा जामखेडला तिनं चढाई करणारीला बाद दिलं आणि लगेच खेळ थांबवला. "माझं चुकलं. बाहेरचा पाय पकडणारीचा हुता." लोक पेटले. "ए बाई, घरी जाऊन भाकरी थाप!" ही म्हणते, "थापूनच आलेय काका, दोरीमागं बसा." आमच्या जुन्या पंचांतले एकजण म्हणाले, "पोरगी शब्द फिरवती, कच्ची हाय." मीही तिला झापलं, अजून एक वर्ष थांब म्हणाले. ती मान खाली घालून गेली.

येताना गाडीत राजूरचा सामना आठवला, मी रेषेवर होते तो. चढाई करणाऱ्याचा पाय माझ्यासमोर बाहेर गेला, गावचा संघ, दोरीला माणसं लोंबकळलेली, आणि माझा हात वर गेलाच नाही. नंतर तुम्ही विचारलंत, "दिसला नाही?" मी म्हणाले, "न्हाई सर." तुम्ही म्हणालात, "मग अजून एक वर्ष रेषेवर." वर्षभर मी तुम्हाला शिव्या घातल्या. तुम्ही राजूरचं नावही काढलं नाहीत, फक्त प्रत्येक सामन्याला माझ्या रेषेशेजारी खुर्ची टाकून बसलात, उन्हातसुद्धा. तेव्हापासून माझा हात कधी अडला नाही. कुणी माझ्यासाठी एवढं बसलं नव्हतं, सर. आणि पाय मला दिसला होता.

मला तीन वर्षांत जमलं नाही ते त्या पोरीनं दोन वर्षांत केलं. तरी तिनं थांबावं असं मला वाटतंय ते तिच्या भल्यासाठी, का मी थांबले होते म्हणून, तेच कळेना. शनिवारी यादी द्यायची आहे. तुम्ही आता जिथं गेलात तिथं पत्र टाकायला पत्ता नसतो, ठाऊक आहे मला. तरी शुक्रवारी संध्याकाळपर्यंत सांगा, तिचं नाव लिहू का नको?