पाच अक्षरं, पाच जागा

४ मार्च
परत तेच! दोन्ही वेळेस एकच नाव टाकलं, तरी प्रोग्राम म्हणतो, वेगळं आहे. सी, ही प्रोग्रामिंगची भाषा, एवढा एकच विषय राहिलाय. तिसरी खेप. ह्या बारीला न्हाई निघाला तर डिग्री अडकली.

शिला खाटेवर तूर निवडत होती. तिथूनच म्हणाली, "दोन बराबरची चिन्हं टाकलीत ना? त्यानं नाव न्हाई जुळत. नाव कुठं ठेवलंय ती जागा जुळवून पाहतं ते."

तिनं हा विषय पहिल्या फटक्यात काढला, लग्नाच्या आधीच. माझी बायको माझ्या मागच्या वर्षाला होती, तरी डिग्री तिची आधी झाली — मी मागं पडलो.

लॅपटॉप मिटला. म्हटलं, तुला विचारलं न्हाई.

५ मार्च
लॅपटॉप घेऊन गोठ्यात बसलो. शिलानं जेवण तिथंच आणून ठेवलं.

७ मार्च
नावं जुळवायचं फंक्शन सापडलं — स्ट्रिंग कंपेअर. तर आता सगळं उलटं. नाव चुकवलं की 'या' म्हणतं, बराबर टाकलं की हाकलून देतं. बा शेळ्या बांधता बांधता म्हणाले, "शिलाला काहून न्हाई इचारत?" सहजच म्हणाले. मला लागलं. वारंगा फाट्यापर्यंत चालत गेलो, चहा अर्धा टाकून आलो.

आल्यावर शिला हळूच म्हणाली, "दोन्ही सारखे असले की ते शून्य देतं. अन् शून्य म्हंजे 'न्हाई' असं धरतं. मी बी तिथंच फसले होते."

ती फसली होती? मला माहीत नव्हतं.

११ मार्च
प्रॅक्टिकल. आपलं नाव साठवून छापायचं, एवढंच. इंग्रजीत सुदामची पाच अक्षरं, मी पाचच जागा दिल्या. नाव छापलं, अन् त्याला चिकटून कसलीतरी वेडीवाकडी अक्षरं. परीक्षक अमृतराव सर म्हणाले, "नाव कुठं संपतं ते त्याला सांगितलंच नाही तू." शेवटाच्या खुणेला सहावी जागा लागते. पाचाचा सहा करायचा होता फक्त. सुचलं तेव्हा वेळ संपली होती. शिलानं हे कितीदा सांगितलं असेल. ऐकत कोण होतं?

बाहेर ती उभीच होती. "कसं गेलं?"
"बरं."
एसटीत खिडकीकडं तोंड करून बसलो.

२६ मार्च
नापास.
शिलाला खरं काय झालं ते सांगितलं. हसेल वाटलं. न्हाई हसली. "जेवून घ्या, मंग बसू." बसलो. मी विचारत गेलो, ती सांगत गेली. सोपं होतं की.

२ एप्रिल
शिलाला नांदेडला नोकरी लागली. बा म्हणाले, "सून एकटी कशी राहील तिथं?" मी म्हटलं, एकटी न्हाई, मी जातो संग. स्वैपाक मी करीन, सीचा पेपर तिथून येऊन देईन.  शिला आत जाऊन माझे कपडे पिशवीत भरू लागली.