सावलीतली तापलेली जीप

मिरजगाव, ४ फेब्रुवारी १९७१, संध्याकाळ

कर्जतला जाऊन मागे हौदा असलेली जुनी जीप ठरवून आलो. ती दुरुस्त करून ह्यांना रोज बाजाराचा माल न्यायचा आहे. आजारपणात डेपोतलं मेकॅनिकचं काम सुटलं, त्यानंतर दोन वर्षांनी आज हे शीळ घालत होते.

मालक म्हणाला, "पंधरा दिस चालू केली न्हाई, तरी बघा, एका झटक्यात उठंल."

त्याची बायको करंडा घेऊन आली. "थांबा, आधी वहिनींना गाडीला कुंकू लावू द्या."

बॉनेटला कुंकवाचं बोट लावलं आणि चटका बसला. गाडी तर चिंचेच्या सावलीत होती. म्हणजे आम्ही पोचण्याआधी त्यानं इंजिन तापवून ठेवलं होतं. हे इतके खुशीत, मी गप्प बसले. का बसले?

घरी चहा देताना राहवेना. सांगून टाकलं, बॉनेट गरम होतं.

हे हसले. "मला कळलं न्हाई व्हय? मी आल्या आल्या हात लावला हुता. गार इंजिन उठत न्हाई म्हनून तो स्वस्तात काढतोय, तवाच तर आपल्याला परवडली. करीन नीट." मग कप बाजूला सारून म्हणाले, "पन तुला वाटलं मी फसतोय. आनि तू फसू दिलंस?"

"तुम्ही खुशीत होता म्हणून..."

"पोराच्या हातात खुळखुळा द्यावा तसं?"

चहा न घेताच ओट्यावर जाऊन बसले आहेत.

दोन वर्षं मी ह्यांना जपत होते, की माणूस कामातून गेला असंच धरून चालले होते?