कोरा तारा

शुक्रवार, संध्याकाळ. नागरवाडा, बडोदा

अजून डोकं तापलेलंच आहे. दुर्बिणीवरच्या माझ्या पहिल्या रात्रीचा आराखडा प्रकल्पातल्या जोडीदाराने, जिग्नेशने परस्पर बदलला! प्रत्येक ताऱ्यानंतर मी शेजारचा एक उष्ण, जवळजवळ कोऱ्या वर्णपटाचा तारा ठेवला होता. तेवढेच सगळे उडवले. वर म्हणतो, "अरे बेन, ज्यात काही दिसतच नाही, त्यावर वेळ कशाला?" आमचे मार्गदर्शक सर नुसते हसले. अहो, तो कोरा आहे म्हणूनच आपल्या हवेतल्या बाष्पाच्या रेषा त्यात उघड दिसतात ना? त्या मुख्य ताऱ्याच्या वर्णपटातून वजा नको करायला? बडोद्याची वाफ ताऱ्याची म्हणून दाखवायची? कोरा तारा नसेल तर आराखड्यातून माझं नावही काढून टाका, असं सरांना सांगून आले.

आई घाबरली. "घरात तूच पहिली शिकलेली, आणि सरांशीच भांडलीस?"

भांडले. नाहीतर शिकले कशाला?